‘नै’ म्हणजे नाही नव्हे

आडनाव उंदीरवाडे आणि नोकरी शाळा तपासायची. त्यामुळे माझ्या पाठीमागे शिक्षक काय बोलत असतील याची मला पुरेपूर कल्पना होती. मी आलापल्लीहून स्कूटी काढली की "उंदीर निघाला बरं का" असा फोन एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा, आणि मी पोचेपर्यंत फळ्यावर तारीख, सुविचार, पटसंख्या सगळं कसं लख्ख असायचं. मला त्याचा राग येत नसे. आपल्या नावाने कुठेतरी फळा पुसला जातो, हेही काही कमी नाही.

केंद्रप्रमुख म्हणजे नेमकं कोण, हे माझ्या घरच्यांनाही शेवटपर्यंत नीट कळलं नाही. नवऱ्याला वाटायचं मी मुख्याध्यापक आहे, सासूबाईंना वाटायचं मी पोस्टात आहे. तर सांगते. जवळपासच्या काही सरकारी शाळांचा एक गट असतो, त्याला केंद्र म्हणतात. त्या शाळांमध्ये जायचं, मुलं काय शिकतात ते बघायचं, शिक्षक अडला तर हात द्यायचा आणि वरून जे जे आदेश येतील ते खाली पोचवायचे. अधिकार म्हणाल तर शून्य. जबाबदारी म्हणाल तर नळाच्या तोटीपासून मुलांच्या बेरजेपर्यंत सगळी. वरचे साहेब मला शिक्षकांची समजायचे आणि शिक्षक मला साहेबांची. माझे शेवटचे काही पावसाळे या नोकरीत गेले, तेही आलापल्लीच्या पुढच्या जंगलातल्या केंद्रात. आता मी चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ राहते, सकाळी फिरायला जाते आणि रस्त्यात शाळा दिसली की अजूनही खिडकीतून आत डोकावते.

त्या काळात तपासणीची नवी व्यवस्था आली. ती वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. त्याआधी कोणी नापास होत नसे आणि म्हणून कोणी विचारतही नसे. चौथीतल्या मुलीला स्वतःचं नाव वाचता येत नाही आणि तिच्या प्रगतिपत्रकावर ‘उत्तम’ लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. नवीन पद्धतीत प्रत्येक मुलाचा स्तर ठरवायचा होता. चित्र ओळखून बोलता येतं, अक्षर वाचता येतं, शब्द येतो, वाक्य येतं, उतारा येतो, अशा पायऱ्या. आधी शिक्षकाने स्वतःच्या मुलांची चाचणी घेऊन माहिती भरायची. मग बाहेरचा माणूस येऊन तीच चाचणी पुन्हा घेणार. दोन्हींत जे अंतर पडेल ते म्हणजे तफावत. तफावत कमी तर शाळा हिरवी, मध्यम तर पिवळी, जास्त तर लाल. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या पडद्यावर म्हणे हे सगळे रंग एकदम दिसायचे.

तफावत हा शब्द ऐकला की आमच्याकडे भल्याभल्यांच्या हातातला चहा सांडायचा. कारण लाल रंगाच्या मागोमाग नोटीस यायची, खोटी माहिती भरल्याची. त्यात निलंबनापर्यंत काहीही होऊ शकत होतं. मग शिक्षकांनी आपापले उपाय शोधले. एकदा मी तपासणीच्या दिवशी एका शाळेकडे चालले होते. धान निघून गेलेलं होतं, बांध रिकामे होते. एका बांधावर काही मुलं दप्तरं मांडीवर घेऊन गपचूप बसलेली. मी स्कूटी थांबवली. "आज शाळा नाई का रे?" एकजण उठला, हात मागे बांधले, अगदी वर्गात उभा राहतो तसा. म्हणाला, "हाय ना बाई. गुरुजी म्हणले, साहेब जात नाई तवरी इथीच बसा. आमी कच्चे आहो ना." त्या मुलाला मी कच्चा कसं म्हणावं? त्याला काय सांगितलंय, का सांगितलंय, सगळं कळलं होतं. मी सगळ्यांना घेऊन शाळेत गेले आणि त्या गुरुजींना जे बोलायचं ते बोलले. रात्री जेवण गेलं नाही.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी, की शेख सरांची गोष्ट नीट कळावी. असल्या गुरुजींच्या शाळा हिरव्या राहिल्या आणि शेख सरांची शाळा लाल झाली.

शेख सर आरमोरीचे. वडिलांचं तिथल्या बाजारात बांगड्यांचं दुकान. सरांना नोकरी लागली ती थेट जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर. त्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाल्यापलीकडचं गाव, सगळी वस्ती गोंडांची, पहिली ते चौथीची शाळा आणि शिक्षक एकच. अशा ठिकाणी आलेला माणूस पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज खिशात ठेवून फिरतो. शेख सरांनी तिथे खोली केली आणि पहिल्याच वर्षी गोंडी शिकायला लागले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाई, आमच्या अब्बाचं दुकान पाह्यलं ना तुमी. बाजाराच्या दिवशी अर्ध्या बाया गोंडी बोलनाऱ्या. अब्बाले त्याहीची भाषा येत होती म्हनून त्या आमच्याच दुकानात हात पुढं करत. मंग इथी तं मले लेकराहीचा हात धरा लागते."

त्यांची शिकवायची एक रीत होती. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. एखादी वस्तू किंवा चित्र ते लहान मुलांसमोर धरायचे. मुलांनी आधी घरचा शब्द सांगायचा, गोंडीतला. सर मान डोलवायचे आणि म्हणायचे, "आनी?" तो ‘आनी’ जरा लांबवायचे, भुवया वर करून. की मुलं मराठी शब्द सांगायची. पाण्याचं भांडं धरलं की "येर". आनी? "पाणी". बैलाचं चित्र धरलं की "कोंदा". आनी? "बैल". आधी घरचं, मंग शाळेचं, असं त्यांचं म्हणणं. दोन महिन्यांत पहिलीची पोरं तोंड उघडून बोलायला लागली. एरवी आमच्या भागात पहिलीचं मूल दिवाळीपर्यंत मास्तरांकडे नुसतं बघत बसतं. मी हे पाहिलं होतं, मला आवडलं होतं, आणि चाचणीत सरांनी पहिली-दुसरीच्या मुलांना ‘चित्र ओळखून बोलतो’ ही पायरी दिली, तेव्हा मी खुशीने सही केली होती.

आणि मग त्या शाळेची पडताळणी लागली.

बाहेरचा माणूस म्हणून आले काळे साहेब. अमरावतीकडचे, वयाने तरुण, नवीनच नोकरीत आलेले. माणूस सज्जन होता, हेही सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आता खलनायक आला. जीपमध्ये त्यांनी मला स्वतःच्या डब्यातला पराठा दिला. पण मांडीवर टॅब होता आणि त्यावर त्यांचा हात सारखा फिरत होता. आदल्या आठवड्यात त्यांच्या एका सहकाऱ्याने कुठल्याशा शाळेला ढिलाई दाखवली म्हणून त्यालाच नोटीस आली होती. म्हणाले, "मॅडम, मी कोणावर अन्याय करनार नाई. पण मले कोनी बोट दाखवू नये असंच काम करनार."

नियम कडक होते. चाचणी चालू असताना शिक्षकाने वर्गाबाहेर थांबायचं. केंद्रप्रमुखाने साक्षीदार म्हणून बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. खूण नाही, हसू नाही, काही नाही. शेख सर अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. मी भिंतीला टेकून बसले.

तिसरी-चौथीची मुलं झाली. छान वाचलं त्यांनी. एका मुलीने उतारा वाचताना प्रत्येक ‘मला’चं ‘मले’ केलं, तेव्हा साहेब हसले आणि तिला बरोबर दिलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आपल्याच मुलखातला माणूस आहे, याला कळतं. नेमकं तेच अंगाशी आलं.

मग पहिली-दुसरीची मुलं मागच्या दारातल्या ओट्यावर बसवली. एकेकाला आत बोलवायचं आणि चित्रं दाखवायची. पहिलं चित्र कुत्र्याचं, सगळ्यांना येईल असं सोपं. त्यातही एक नियम होता, आणि तो कोणीतरी मुलांच्या मायेपोटीच केला असणार. पहिलंच चित्र आलं नाही तर पुढची दाखवून मुलाला रडवू नये. ‘प्रारंभिक’ असं नोंदवून त्याला शांतपणे जागेवर पाठवावं.

पहिली आली मैनी. पहिलीतली, केसांना लाल रिबन, बोलायला सगळ्यांत पुढे. साहेबांनी चित्र धरलं. "सांग बेटा, हे काय आहे?"

मैनी म्हणाली, "नै."

"नाई येत? बरं बेटा, काही हरकत नाही. बस जागेवर." साहेबांनी टॅबवर बोट दाबलं. मैनी तिथेच उभी राहिली, साहेबांच्या तोंडाकडे बघत. साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला हळूच वळवलं.

दुसरं मूल आलं. "नै." तिसरं आलं. "नै." काही जण जोरात म्हणाले, काही जण लाजत. प्रत्येक जण ‘नै’ म्हणून तसाच थांबायचा आणि प्रत्येकाला साहेब मायेने जागेवर पाठवायचे. टॅबवर बोट दाबलं की टुक असा आवाज यायचा. तो आवाज मला नकोसा झाला.

हीच मुलं माझ्यासमोर बोलली होती, आणि आज एकालाही साधा कुत्रा येत नाही? आमच्या झाडीपट्टीत नाहीला नाई म्हणतात, घाईत असलं की नै. मी जन्मभर तेच बोलत आले. माझ्याही कानांनी तेच ऐकलं, नाही, येत नाही. मनात नको ते यायला लागलं. सरांनी मला दाखवली ती मुलं घोकून घेतलेली होती का? गोंडी-बिंडी सगळं नाटक होतं का? खिडकीतून शेख सर दिसत होते. त्यांना आतलं ऐकू जात नव्हतं, पण मुलं किती भराभर परत येताहेत ते दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. काय करणार, साक्षीदार ना मी.

साहेब माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "मॅडम, या मास्तरनं तुमाले पन फसवलं वाटते."

मी पुन्हा खिडकीकडे बघायचं टाळलं.

एवढ्यात मागच्या बाजूला भांडं पडल्याचा आवाज झाला. खिचडी शिजवणाऱ्या बाई पाण्याला गेल्या होत्या, झाकण उघडं होतं, आणि गावातलं एक तांबडं कुत्रं थेट पातेल्यापाशी पोचलं होतं. ओट्यावरची पोरं पटापट उभी राहिली. हात लांब करून ओरडायला लागली, "नै! नै! नै!"

साहेब वैतागले. "अरे, काय नाई? काय नाई नाई लावलं?"

मी मुलांच्या बोटांकडे बघितलं. सगळी बोटं कुत्र्याकडे.

गोंडी मला येत नव्हती, चार शब्द यायचे, त्यात ‘नाही’ला हिल्ले म्हणतात हा एक होता. मग ही पोरं नाही म्हणत नव्हती. सकाळपासून एकही मूल नाही म्हणालं नव्हतं. प्रत्येक मुलाने कुत्रा ओळखला होता, घरचा शब्द सांगितला होता आणि शाळेचा शब्द सांगायला थांबलं होतं. त्यांना फक्त एक शब्द हवा होता.

नियम मला पाठ होता. साक्षीदाराने तोंड उघडलं तर तो हस्तक्षेप, आणि हस्तक्षेप झाला तर त्याची वेगळी नोटीस, मला. निवृत्ती जवळ आलेल्या बाईने असले धंदे करू नयेत. मी उठून उभी राहिले आणि माझ्या उभ्या आयुष्यात कधी ओरडले नसेन अशी ओरडले, "आनी?"

"कुत्रा!" सगळ्या पोरांनी एका आवाजात सांगितलं. मैनीचा आवाज सगळ्यांत वर.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, चाचणी चालू हाय! तुमी सुचवून राह्यले!"

"मी काय सुचवलं जी? आनी म्हटलं फक्त. आनीचा अर्थ कुत्रा होते का?"

"मंग हे नाई नाई काऊन म्हनून राह्यले होते?"

"साहेब, ते नाई नव्हतं. गोंडीत कुत्र्याला नै म्हणतात." "तुमी अमरावतीचे नसते ना, पुण्याबिण्याकडचे असते, तर तुमी विचारलं असतं, नै म्हंजे काय. तुमाले आनि मले वाटलं आपल्याले समजलं. म्हनून दोघंही फसलो."

काळे साहेबांनी गठ्ठ्यातलं मधलंच एक चित्र काढलं, मैनीला बोलावलं आणि धरलं. बैल होता. मैनी म्हणाली, "कोंदा." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा मैनीकडे बघितलं, आणि घसा खाकरून, परीक्षेला बसल्यासारखे म्हणाले, "आनी?"

"बैल."

त्यांनी एकेक करून सगळ्या मुलांना परत बोलावलं. झाड, घर, पाणी, कोंबडी. प्रत्येक वेळी आधी घरचं, मग शाळेचं. साहेबांना हळूहळू मजा यायला लागली होती. शेवटी शेवटी ते शेख सरांसारख्याच भुवया वर करायला लागले. पण झाल्यावर त्यांनी टॅब हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. एकदा नोंदवलेलं उघडता येत नव्हतं. कोणी मागाहून गुण वाढवू नयेत म्हणून ती सोय केलेली होती. पहिली-दुसरीची जवळपास सगळी मुलं आत ‘प्रारंभिक’ होऊन बसली होती.

तरी एक आशा होती. त्या गावात नेटवर्क नाही. टॅबमधलं वर जायला आलापल्लीच्या वाटेवरच्या टेकडीपर्यंत यावं लागायचं. आमच्या भागातले सगळे शिक्षक माहिती भरायला त्याच टेकडीवर जमायचे. तिथे जीप थांबली. साहेबांनी बरीच खटपट केली. बंद करून चालू केलं, कोणाला तरी फोन लावला. पलीकडचा म्हणाला, तुमचं नोंदवलेलं पुसायचं असेल तर कारण द्यावं लागेल आणि कारणांच्या यादीत ‘भाषा’ असं कारण नाही.

"साहेब, पाठवू नका," मी म्हटलं. "टॅब पडला म्हना. नाल्यात पडला म्हना."

"खोटं बोलू? खोटी माहिती भरली म्हनूनच तं शेख सरांची चौकशी होनार हाय ना, मॅडम."

साहेबांनी शेऱ्याच्या चौकटीत मावेल तेवढं लिहिलं, की मुलांना येतं, भाषेमुळे गैरसमज झाला. मग बोट ठेवलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. आम्ही दोघं सागाच्या झाडाखाली उभे राहून ते बघत होतो. मला वाटत होतं नेटवर्क जावं. गेलं नाही. एरवी बायकोला फोन लागत नाही असं तिथले शिक्षक म्हणतात, त्या दिवशी मात्र सगळं सरळ वर गेलं.

वर शेरा कोणी वाचत नाही. वर रंग दिसतो. शाळा लाल झाली.

शेख सरांना नोटीस आली. खोटी माहिती सादर केल्याबद्दल आपल्याला निलंबित का करू नये. ती घेऊन ते आलापल्लीला माझ्या खोलीवर आले. मला वाटलं होतं रागावतील. कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, मले वाटते माहीच चूक. मी लेकराहीले आधी सरकारचं सांगाले शिकवलं पाह्यजे होतं, मंग घरचं." मला त्यांचाच राग आला. म्हटलं, असं पुन्हा बोललात तर मीच तुमच्याविरुद्ध लिहून देईन.

एकशिक्षकी शाळा. सर निलंबित झाले असते तर दाराला कुलूपच लागलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. सुनावणीला मी गेले. काळे साहेबही आले, स्वतःहून, आणि स्वतःच्या तपासणीतली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. नव्या नोकरीत असं करायला छाती लागते. समोरच्या मोठ्या साहेबांनी सगळं ऐकलं. "म्हणजे मुलांना येत होतं," ते म्हणाले. "पण शाळा मराठी माध्यमाची आहे ना?" मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बघू.

बघितलं ते असं. खोटेपणाचा ठपका काढला. तोंडी समज दिली. आणि प्रकरण शांत व्हावं म्हणून प्रशासकीय कारणाने सरांची बदली केली, आरमोरीजवळच्या शाळेत, घरापासून सायकलवर जाता येईल अशा ठिकाणी. अर्धा जिल्हा त्या बदलीसाठी देव पाण्यात घालून बसलेला असतो. लोकांनी सरांना पेढे मागितले. सामान टेम्पोत चढवताना ते मला म्हणाले, "शिक्षा केली असती तं भोगली असती बाई. ह्याले काय म्हनू?" गावातली पोरं टेम्पोमागे नाल्यापर्यंत पळत गेली. मी शाळेमागे खिचडीच्या पातेल्यापाशी जाऊन उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

आता अभिमानाचंही सांगते. पुढच्या वर्षीच्या प्रशिक्षणात पडद्यावर एक नवीन सूचना आली. मुलाने घरच्या भाषेत उत्तर दिल्यास चूक धरू नये, ‘आणखी काय म्हणतात?’ असं विचारून दुसरी संधी द्यावी. सगळ्या शिक्षकांनी मुकाट्याने लिहून घेतलं. मी मागच्या बाकावर बसले होते. कोणालाच माहीत नव्हतं की हा ‘आनी?’ कुठून आला. काळे साहेब पुढे बसले होते, त्यांनी मागे वळून बघितलं, एवढंच. सुधारणा अशी होते. ज्याच्यामुळे होते, तो तिथे नसतो.

आणि मग त्या सुधारणेचं काय झालं, तेही सांगायला हवं. शेख सरांच्या जागी नवीन गुरुजी आले. हुशार माणूस. त्यांनी सूचना वाचली, लाल रंगाची गोष्ट ऐकली, आणि धोका पत्करायचाच नाही असं ठरवलं. त्याच वर्षाच्या शेवटी मी शाळेत गेले तर पोरं पाढ्यासारखी म्हणत होती, "नै कुत्रा, कोंदा बैल, येर पाणी..." गुरुजी अभिमानाने माझ्याकडे बघत होते. पडताळणी होऊन गेली होती. शाळा हिरवी झाली होती, अगदी हिरवीगार.

माझी ती त्या शाळेतली शेवटची भेट होती. मी चित्रांचा गठ्ठा मागितला आणि पत्ते पिसतात तसा पिसला. गुरुजींचा चेहरा उतरला. मी वरचं चित्र धरलं. माठ होता, पाण्याने भरलेला.

"नै कुत्रा!" सगळा वर्ग ओरडला.

मी चित्र तसंच धरून ठेवलं. राग आला होता, पण कोणावर काढणार? मुलांवर? त्या गुरुजींवर, ज्यांनी लाल रंगाच्या भीतीने हे केलं? तेव्हा मला मैनी दिसली. दुसरीत गेली होती, रिबन तीच. ती ओरडत नव्हती. चित्राकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "नै."

मनात म्हटलं, हीसुद्धा? तरी सवयीने तोंडातून निघालंच, "आनी?"

मैनीने मान हलवली, आमच्याकडे नाही म्हणताना हलवतात तशी. "नै," ती पुन्हा म्हणाली, वर्गाकडे हात करून, जरा रागावूनच. मग माठावर बोट ठेवलं. "येर." आणि माझ्या भुवया वर जायच्या आत स्वतःच पुढे म्हणाली, "पाणी."

मी शाळेतून निघाले ती थेट टेकडीवर. नेटवर्क शोधत सागाच्या झाडाखाली उभी राहिले आणि शेख सरांना फोन लावला. पलीकडे पोरांचा गलका होता. मी घाईघाईत सगळं सांगितलं. चित्र पाण्याचं, सगळी पोरं कुत्रा म्हणत होती, आणि तुमची मैनी एकटी नै म्हणाली.

सरांनी पलीकडे पोरांना गप्प केलं. मग म्हणाले, "बाई, कोनतं नै? त्याहीचं का आपलं?"

"आपलं," मी म्हटलं.